ट्रंकेतला हाली रुपया आणि आजोबांचे साल

आपल्या चारठाण्याला इतिहासाची वाण नाही. येथील जुनी देवळे आणि उंच कोरीव स्तंभ पाहण्यास दूरदूरचे अभ्यासक येतात. पण पाऊणशे वर्षांपूर्वीचा इतिहास आपल्याच घरांतील ट्रंकांत पडून असतो, त्याची विचारपूस मात्र आपण करीत नाही. मीही केली नाही. त्याचीच ही हकीकत.

15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला, तरी आपला परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा सुरू होता. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसविली होती. सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात, उमरखेडसारख्या ठिकाणी, कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. अखेर 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

माझे आजेसासरे त्या वेळी ऐन तारुण्यात होते. कॅम्पवर निरोप आणि भाकरी पोहोचविणाऱ्यांपैकी ते एक. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा ते थकले होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत खादीची टोपी, चारमिनाराचे चित्र असलेला चांदीचा हाली रुपया आणि बंदुकीच्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी, एवढाच ऐवज होता. ती पुंगळी हातात घेऊन ते मुलांना गोष्ट सांगत. कधी ती फौजेतल्या शिपायाने दिलेली असे, कधी ओढ्यात सापडलेली, तर कधी मित्राची आठवण असे. शेवटी ते म्हणत, "तेराशे सत्तावनच्या आबान महिन्यात फौज आली." मुले खो खो हसत, "आजोबा शिवाजी महाराजांच्याही आधीचं सांगतात!" आजोबा गप्प होत. म्हातारपणी भ्रम होतोच, असे आम्ही मोठ्यांनीही मनाशी ठरवून टाकले.

एकदा नवे पातेले घेताना जुनी पितळी भांडी मोडीत घातली. त्यांत ती पुंगळीही गेली. मीच दिली. दोन दिवस आजोबा ट्रंक उपसत होते. कोणाला बोलले नाहीत. पुढे ती गोष्ट सांगणेच त्यांनी सोडून दिले.

ते गेल्यावर काही वर्षांनी शेताच्या कामासाठी एक जुना उर्दू कागद वाचायचा होता. उर्दू शाळेत शिकलेल्या शेजारच्या वयोवृद्ध चाचांकडे तो नेला. त्यांनी तारीख वाचली, "सन तेराशे सत्तावन फसली." मी चमकले. चाचा हसून म्हणाले, "बेटी, निजामाच्या कचेरीचं साल ते. त्यात पाचशे नव्वद मिळव, म्हणजे तुझं साल येतं."

पुढे नीट समजून घेतले. फसली सन हा पीकपाण्याचा, सारावसुलीचा सन. त्याचा उगम अकबर बादशहाच्या काळचा. हैदराबाद संस्थानात हे वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी, आजूर महिन्यापासून सुरू होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत 590 आणि पुढे 591 मिळवावे लागतात. शेवटचा महिना आबान म्हणजे साधारण सप्टेंबर. तेव्हा 1357 फसलीचा आबान म्हणजे सप्टेंबर 1948! आजोबांची तारीख बिनचूक होती. विसरले होते ते आम्ही.

हाली रुपयाचेही तेच. आजोबा म्हणत, "सहा कलदारला सात हाली." आम्हाला ते कोडे वाटे. कलदार म्हणजे इंग्रजी अमलातला रुपया, हाली म्हणजे निजामाचा, आणि त्यांचा सरकारी भाव तोच होता.

पुंगळीच्या तीन गोष्टींपैकी खरी कोणती, हे आता कळणार नाही. कदाचित गोष्टी तीन असतील आणि पुंगळी एकच उरली असेल. त्या काळात रझाकारांचा जुलूम सोसलेली घरे होती, तशी नंतरच्या दिवसांत निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवरही संकटे कोसळली. अशा आठवणी सरळ रेषेत येत नाहीत.

एक गोष्ट मात्र आजेसासूबाईंनी एकदा चुलीपाशी सहज सांगितली होती. त्या भाकरी त्या रात्री थापीत, उजेड बाहेर दिसू नये म्हणून दाराला घोंगडी लावून. "कोणासाठी, ते मी विचारलं नाही, अन् पुढं मला कोणी विचारलं नाही." मराठवाड्यात धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके हातात शस्त्र घेऊन लढल्या, त्यांचे नाव राहिले. घोंगडीआडच्या भाकरीचे नाव कोठे लिहिले जाणार?

म्हणून मंडळातील भगिनींना एवढीच विनंती. घरातील जुनी वस्तू मोडीत घालण्यापूर्वी ती कोणाची, कोठून आली, ते चिठ्ठीवर लिहून तिला बांधा. म्हातारे माणूस दोनदा वेगळे सांगेल, तर दोन्ही लिहा. साल चमत्कारिक वाटले तर हसू नका, कोणते साल ते विचारा. आमच्या ट्रंकेत आता टोपी आहे, रुपया आहे, आणि एक चिठ्ठी आहे. तिच्यावर मी लिहिले आहे, "येथे एक पुंगळी होती."