छोटी फोर बाय फोर गाडी घेताय? आधी हे तपासा

गेल्या पावसाळ्यात भावाची एसयूव्ही घेऊन गावी गेलो आणि कच्च्या रस्त्यावर चिखलात रुतलो. गाडी दिसायला दणकट, पण इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना! शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली. म्हणून दिसण्यावर जाऊ नका, या गोष्टी बघा.

लो रेंज (४ एल): या गिअरमध्ये वेग घटतो, पण चाकांना मिळणारा टॉर्क वाढतो. खड्या चढावर आणि उतारावर हाच कामाला येतो.

डिफरन्शियल: एक चाक हवेत गेलं की साधं डिफरन्शियल तेच चाक गरगर फिरवत बसतं. मारुती जिम्नी त्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवते. तीन दारांच्या महिंद्रा थारच्या काही व्हेरियंटमध्ये मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळतं.

ग्राउंड क्लिअरन्स: जिम्नी २१० मिमी, थार २२६ मिमी. लांबी दोन्हींची ३,९८५ मिमी.

वजन: जिम्नी साधारण १,२०० किलोची, थार बरीच जड. हलकी गाडी चिखलात कमी रुतते.

एक सावधगिरी: थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्हेरियंटमध्येही येते. बुकिंगच्या कागदावर फोर बाय फोर लिहिलंय ना, ते वाचा. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी २ एचमध्येच ठेवा, नाहीतर वळताना ट्रान्समिशनवर ताण येतो.

माझं मत? अरुंद पायवाटा आणि शहर दोन्ही असेल तर जिम्नी. डिझेल हवं असेल तर थार. टेस्ट ड्राइव्हला मात्र ४ एल टाकून बघाच.