तळ्यांचा ताबा

बंगळूर शहर एकदा चक्क विकले गेले आहे, ही गोष्ट पुष्कळ मराठी श्रोत्यांना ठाऊक नसेल. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने हे ठाणे जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी तंजावरास स्थायिक झाले. इतक्या दुरून हे गाव सांभाळणे त्यांना परवडेना. तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांशी त्यांनी तीन लाख रुपयांचा सौदा मांडला. सौदा पुरा होतो न होतो तोच, १६८७ मध्ये, मोगल सरदार कासीमखान गावात शिरला. आणि अखेर त्याच रकमेला गाव म्हैसूरकरांकडे गेले. खर्च झेपेना म्हणून ठेव दुसऱ्याच्या हवाली करण्याची रीत ह्या शहरात अशी जुनी आहे. मला आज बोलावयाचे आहे ते मात्र येथील तळ्यांविषयी.

हे शहर पठारावर वसलेले आहे; जवळ बारमाही मोठी नदी नाही. म्हणून राजेरजवाड्यांनी आणि गावकऱ्यांनी ओढ्यांना बांध घालून तळी केली. कानडीत तळ्याला ‘केरे’ म्हणतात. वरचे केरे भरले की सांडव्यावरून पाणी खालच्यात उतरे, आणि अशी माळ कोसन्‌कोस चाले. मोरी केव्हा उघडायची, कोणाच्या शेताला किती पाणी द्यायचे, हे पाहणारा गावचा माणूस म्हणजे नीरगंटी. पांझरेकाठच्या फडांवरचा आपला पाटकरी तो हाच. उन्हाळ्यात गाळ काढून शेतकरी तो आपल्या रानात टाकी. म्हणजे तळेही खोल राही आणि जमिनीलाही खत मिळे. तळ्याच्या देखभालीसाठी वेगळे अंदाजपत्रक लागत नसे, ह्याचे रहस्य एवढेच, की ज्याला पाणी हवे तोच राबत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याचे पाणी नळाने शहरात आले. १९७४ मध्ये कावेरीचे आले. तळ्याची गरज सरली, भोवतालची शेते घरांखाली गेली, आणि नीरगंटीचे कामच उरले नाही. धर्मांबुधी तळ्यावर आज बसस्थानक आहे, संपंगी तळ्यावर क्रीडांगण. जी उरली त्यांत सांडपाणी येऊ लागले. बेळ्ळंदूरच्या तळ्यावर तर फेसाचे डोंगर साचले, आणि २०१७ मध्ये तेथे आग लागल्याची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. पाण्याला आग लागते, हे आपल्या पूर्वजांना सांगितले असते तर त्यांनी आपल्यालाच वेड्यात काढले असते!

आता प्रश्न आला तो धन्याचा. एन. लक्ष्मणराव ह्या अनुभवी प्रशासकाच्या समितीने तळी राखावीत अशी शिफारस केली आणि १९८८ च्या सुमारास शंभरांहून अधिक तळी वनखात्याकडे सोपविण्यात आली. काही विकास प्राधिकरणाकडे, काही महापालिकेकडे राहिली. तळे आले, पण त्यासोबत पैसा आला नाही. मी स्वतः सरकारी नोकरीत आहे, म्हणून एक गोष्ट अनुभवाने सांगतो: हस्तांतराच्या कागदावर क्षेत्रफळ अचूक असते, सीमा असतात, सह्या असतात, दरसालच्या खर्चाचा रकाना मात्र बहुधा कोरा असतो.

२००२ मध्ये तळ्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्याही तिजोरीत फारसे काही नव्हते. तेव्हा त्याने हेब्बाळ, नागवारा, अगरा अशी तळी खाजगी कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचा मार्ग काढला. कंपनीने तळे सुधारावे आणि नौकाविहार, खाद्यगृहे ह्यांतून खर्च भरून काढावा, अशी योजना. हिशेबात ती चुकीची नव्हती. पण तळ्यात जाळे टाकणारा कोळी, काठी गुरे चारणारा गुराखी, कपडे धुणारा धोबी ह्यांना तिकीट काढून आत जाणे कसे परवडावे? २००८ मध्ये पर्यावरणवाद्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायमूर्ती एन. के. पाटील ह्यांच्या समितीच्या अहवालानंतर २०१२ मध्ये न्यायालयाने ह्या खाजगीकरणाला आडकाठी घातली. तळे ही सार्वजनिक ठेव आहे, सरकार तिचे मालक नसून विश्वस्त आहे, हे त्यामागील तत्त्व. पुढे ते प्राधिकरणही २०१८ मध्ये गुंडाळले गेले.

दरम्यान दुसरीच एक वाट निघाली होती. पुट्टेनहळ्ळीच्या तेरा एकरांच्या तळ्याकाठच्या रहिवाशांनी न्यास काढला आणि २०११ मध्ये महापालिकेशी करार करून देखभाल अंगावर घेतली. कैकोंड्रहळ्ळी, जक्कूर येथेही मंडळे उभी राहिली. मालकी महापालिकेची, राखण नागरिकांची. ह्या मंडळींविषयी मला मनापासून आदर आहे. तरी एक शंका बोलून दाखवितो. ज्या वस्तीत निवृत्त अभियंते आणि सुखवस्तू कुटुंबे आहेत तेथे असे मंडळ उभे राहते. झोपडपट्टीकाठच्या तळ्याने कोणाकडे पाहावे? इंग्लंडात न्यूकॅसलच्या नगरपालिकेने अनुदान आटल्यावर २०१९ मध्ये आपली उद्याने एका न्यासाकडे दिली, आणि काही वर्षांतच ती परत घेण्याची पाळी तिच्यावर आली. सद्भावनेलाही दरमहा वेतनपत्रक भरावे लागतेच.

२०२० मध्ये उच्च न्यायालयाने तळ्यांबाबत कंपन्यांशी करार करण्यास महापालिकेला मनाई केली. रोख कंपन्यांवर होता. पण त्या आदेशाच्या छायेत नागरिकांच्या मंडळांचे करारही अडले. तरीही पुष्कळ जण, हाती कागद नसता, तळ्यावर येतच राहिले.

अशाच एका मंडळाबरोबर मी मागच्या पावसाळ्यात एका रविवारी जलपर्णी ओढावयास गेलो होतो. पाऊस वाढला, पाणी चढू लागले आणि मोरीचे दार उघडेना. दोन कार्यालयांना दूरध्वनी झाले. दोघांनीही तळे दुसऱ्याकडे असल्याचे सांगितले. शेवटी जवळच्या जुन्या गावठाणातील एक वृद्ध गृहस्थ पहार घेऊन आले. त्यांचे आजोबा तेथले नीरगंटी होते. दार कोणत्या बाजूने अडते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होते. नंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, बंगळूरच्या एका महापालिकेच्या पाच झाल्या.