वसईच्या घंटा आणि ख्रिस्ती उपासनावस्तूंचे पावित्र्य

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळील मेणवलीच्या घंटेवर १७०७.

जुन्या रोमन विधीनुसार बिशप घंटेला पवित्र जलाने धूत, आतून-बाहेरून पवित्र तेल लावीत आणि संताचे नाव देत. लोक त्यास ‘घंटेचा बाप्तिस्मा’ म्हणत. वस्तुतः तो आशीर्वादच. ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये प्रतिमांविषयी मांडलेले तत्त्व येथेही लागू पडावे: वस्तूत दैवी शक्ती वसत नाही, सन्मान पोहोचतो तो ती ज्याची खूण आहे त्याला. मग मालक बदलल्यावर काय उरते? कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ११७१ वे कलम सांगते की, उपासनेसाठी आशीर्वादित वस्तू खाजगी मालकीची असली तरी तिचा लौकिक वा अनुचित वापर होऊ नये. देवळातील घंटानाद ‘लौकिक’ ठरतो काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. ती युद्धातील लूट होती, हे वसईच्या ख्रिस्ती माणसाने विसरावे असा मात्र याचा अर्थ नव्हे. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मरियेची आकृती आजही आहे.