एका घुबडासाठी दुसऱ्याचा बळी : अमेरिकेतील वन्यजीव-संरक्षणाच्या इतिहासातील एक नैतिक पेच

प्रस्तावना

नामशेष होऊ घातलेल्या प्राणिजातीला वाचविणे हे मानवाचे कर्तव्य होय, याविषयी आज फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद सुरू होतो तो, एका जातीला वाचविण्यासाठी दुसऱ्या जातीचे निरपराध जीव ठार करावे लागतात तेव्हा. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने वॉशिंग्टन, ओरेगन व कॅलिफोर्निया या राज्यांत तीस वर्षांच्या कालावधीत कमाल साडेचार लाख पट्टेदार घुबडे मारण्याची योजना मंजूर केली. उद्देश एकच, त्याच कुळातील ठिपकेदार घुबडाचे रक्षण. हा प्रश्न सामान्यतः नीतिशास्त्राचा मानला जातो. तथापि त्याच्या मुळाशी एक ऐतिहासिक प्रश्न आहे : पट्टेदार घुबड पश्चिमेस आले कसे, आणि त्यास उत्तरदायी कोण? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या आधारे सदर निर्णयाचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. जुनी अरण्ये आणि ठिपकेदार घुबड

उत्तरेकडील ठिपकेदार घुबड हे पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या शतकानुशतके जुन्या सूचिपर्णी अरण्यांत राहते. उडणाऱ्या खारी व झाडांवरील उंदरांसारखे प्राणी हे त्याचे प्रमुख भक्ष्य. विसाव्या शतकात लाकूड व्यवसायाने या अरण्यांचा फार मोठा भाग तोडला. १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती अधिनियमानुसार जून १९९० मध्ये या घुबडाची धोक्यातील जाती म्हणून नोंद झाली. १९९१ मध्ये न्यायाधीश विल्यम ड्वायर यांनी राष्ट्रीय वनांतील लाकूडविक्रीस मनाई केली. लाकूडतोड्यांचा रोजगार की पक्ष्याचे प्राण, असा कडवा संघर्ष उभा राहिला. १९९३ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी पोर्टलंड येथे परिषद घेतली व १९९४ मध्ये वायव्य वनयोजना अमलात आली. तिच्या कक्षेत सुमारे दोन कोटी चाळीस लाख एकर शासकीय भूमी होती. वृक्षतोड आटोक्यात आली, परंतु घुबडांची घट थांबली नाही. तोवर दुसरा प्रतिस्पर्धी अरण्यात शिरला होता.

२. पूर्वेकडून आलेला प्रतिस्पर्धी

पट्टेदार घुबड हे मूळचे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील. ते १९४० च्या दशकात ब्रिटिश कोलंबियात, १९६० च्या दशकात वॉशिंग्टनमध्ये, १९७० च्या दशकात ओरेगनमध्ये आणि पुढे कॅलिफोर्नियात आढळू लागले. आकाराने काहीसे मोठे, स्वभावाने आक्रमक आणि मिळेल ते खाणारे हे घुबड थोडक्या क्षेत्रातही जगते. ठिपकेदार घुबडांना ते त्यांच्या स्थानांवरून हुसकावून लावते, क्वचित त्यांच्याशी संकरही करते.

खंडाच्या मध्यभागी असलेली वृक्षहीन मैदाने ही या पक्ष्याच्या वाटेतील पुरातन भिंत होती. मूलनिवासी लोक लावीत असलेल्या आगी, गवे आणि बीव्हर यांमुळे तेथे वृक्ष वाढत नसत. गोऱ्या वसाहतकारांनी मूलनिवासींना हटविले, गवे व बीव्हर संपविले, आगी विझविल्या आणि शेतांभोवती झाडे लावली. वृक्षांच्या या नव्या साखळीवरून घुबड पश्चिमेस पोहोचले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार कॅनडातील उत्तरेच्या अरण्यांतील तापमानवाढीमुळे त्याचा मार्ग खुला झाला. या स्थलांतरामागे मानवी हात असेल, तर झालेली हानी भरून काढण्याचे दायित्व मानवावर येते. ते केवळ नैसर्गिक असेल, तर त्यात बंदूक घेऊन पडण्याचा आपणास अधिकार कोणता, हा आक्षेप बळावतो. येथे इतिहास हाच पुरावा ठरतो.

३. प्रयोग आणि फलित

पट्टेदार घुबडास १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे त्याला मारण्यासही विशेष परवाना लागतो, हा या प्रकरणातील विरोधाभास होय. २००९ पासून वायव्य कॅलिफोर्नियात जीवशास्त्रज्ञ लोवेल डिलर यांनी मर्यादित स्वरूपात ही घुबडे हटविण्यास प्रारंभ केला. मोठ्या प्रयोगापूर्वी शासनाने नीतितज्ज्ञ विल्यम लिन यांच्या साहाय्याने संबंधित गटांची चर्चा घडवून आणली, ही गोष्ट शासकीय व्यवहारात विरळाच. वॉशिंग्टन, ओरेगन व कॅलिफोर्नियातील प्रयोगक्षेत्रांत २,४८५ पट्टेदार घुबडे हटविण्यात आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जेथे ती हटविली तेथे ठिपकेदार घुबडांची वार्षिक घट सरासरी ०.२ टक्के राहिली. जेथे हटविली नाहीत तेथे ती १२.१ टक्के होती.

४. दोन नीतिविचार

आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४९ मध्ये प्रकाशित ग्रंथातील भूमिनीती समग्र जीवसमुदायाचे हित प्रमाण मानते. त्या दृष्टीने एका जातीचा कायमचा लोप ही व्यक्तिगत मृत्यूंहून मोठी हानी ठरते. या योजनेत दरवर्षी मारली जाणारी घुबडे त्या जातीच्या एकूण संख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतील, असे शासनाचे म्हणणे आहे. याउलट टॉम रीगन यांनी १९८३ मध्ये प्रत्येक प्राण्याच्या जीवनास स्वतंत्र मूल्य असल्याचे प्रतिपादन केले. समूहाच्या हितासाठी व्यक्तीचा बळी त्यांना मान्य नव्हता. २०२४ मध्ये सुमारे ७५ प्राणिहितवादी संस्थांनी या योजनेस लेखी विरोध केला. मारणे कधी संपणार, हा त्यांचा प्रश्न सहज बाजूस सारता येणारा नाही.

५. कर्टलंड वॉर्बलरचा धडा

या प्रश्नाचे उत्तर जुन्या एका उदाहरणात शोधता येते. आपल्याकडे कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसे अमेरिकेतील काउबर्ड हे मिशिगनमधील दुर्मीळ कर्टलंड वॉर्बलरच्या घरट्यात अंडी घालीत. १९६१ मध्ये सुमारे ५०० गाणारे नर मोजले गेले होते, १९७१ मध्ये ते सुमारे २०० उरले. १९७२ पासून काउबर्ड पकडून मारण्यात येऊ लागले. घट थांबली, पण वाढ मात्र १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत झाली नाही. १९८० च्या मोठ्या वणव्यानंतर उगवलेली व मुद्दाम लावलेली जॅक पाइनची कोवळी राने उपलब्ध झाली, तेव्हाच संख्या वाढू लागली. २०१९ मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून वगळण्यात आला. पिंजरे २०१८ मध्येच थांबविले होते, तरी काउबर्डचा उपद्रव अल्पच राहिला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हत्येने जाती तगते, परंतु सावरते ती अधिवासाने. म्हणून पट्टेदार घुबडांची हत्या समर्थनीय ठरलीच, तर ती वेळ विकत घेण्याचे साधन म्हणूनच. त्या वेळात जुनी अरण्ये राखली व वाढू दिली नाहीत, तर हजारो पक्ष्यांचे मरण केवळ आपल्या निष्क्रियतेवरील पांघरूण ठरेल. पट्टेदार घुबड अपराधी नाही. माणसाने मोकळ्या केलेल्या वाटेने ते आले असेल, तर त्याच्या रक्ताचा हिशेबही माणसाच्याच खात्यावर मांडावा लागेल. अधिवास-संरक्षणाची बांधिलकी आणि हत्या थांबविण्याची निश्चित अट यांवाचून घेतलेला असा कोणताही निर्णय नीतीच्या कसोटीस उतरणार नाही.