काँग्रेसविरोध आणि सोलापूरचा मतदार (१९५२ ते १९७७)

लोकशाहीत मत हे पसंतीचे असते, तसेच नापसंतीचेही असते. एखाद्या पक्षाविषयीची नापसंती किती काळ टिकते, हा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच तपासला जातो. या दृष्टीने सोलापूरचे उदाहरण उद्बोधक आहे.

१९३० च्या मार्शल लॉला तोंड देणाऱ्या या शहराची स्वातंत्र्यलढ्यातील परंपरा मोठी. तरीही १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत सोलापूरच्या दोन्ही जागा काँग्रेसने गमावल्या. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले. शेतकरी व दलित यांच्या स्वतंत्र राजकारणाचे पाठबळ या मतांमागे होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य आले आणि काँग्रेसविरोधाला भाषिक अस्मितेची धार चढली. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला मोठा हादरा दिला. परंतु हा रोष एका मागणीशी बांधलेला होता. १ मे १९६० रोजी मागणी पूर्ण झाली, समितीतील घटक पक्षांचे मतभेद वाढले आणि १९६२ मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. सोलापूरची लोकसभेची जागाही तिच्याकडे आली. १९७७ च्या आणीबाणीविरोधी लाटेतसुद्धा सूरजरतन दमाणी यांनी ती काँग्रेसकडे राखली.

तात्पर्य, नापसंती मतदाराला एका पक्षापासून दूर नेते; दुसऱ्या पक्षाशी त्याला जोडून ठेवण्यासाठी मात्र कार्यक्रम आणि संघटनाच लागते. केवळ रोषावर उभी राहिलेली आघाडी रोषाचे कारण सरताच विरून जाते.