विणकराच्या खोलीला उजेड कोणत्या दिशेचा?

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव कोशाच्या वस्त्रांसाठी प्रसिद्ध आहे. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर पोसलेल्या अळीचा हा धागा मूळचाच बदामी-सोनेरी असतो; दोन लडींच्या छटांमधील सूक्ष्म फरक ओळखणे हे विणकराच्या डोळ्याचे काम. त्या डोळ्याला कोणता प्रकाश मानवतो, याचा विचार दोन हजार वर्षांपूर्वी एका रोमन वास्तुकाराने लिहून ठेवला आहे. नक्षीदार वस्त्रे करणाऱ्यांच्या आणि चित्रकारांच्या कार्यशाळा उत्तराभिमुख असाव्यात. त्या दिशेचा उजेड स्थिर असल्याने कामातील रंगांत फरक पडत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे.

या वास्तुकाराचे नाव व्हिट्रूव्हिअस. सैन्याच्या अस्त्रक्षेपक यंत्रांची देखभाल हे त्याचे काम होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या अखेरीस त्याने दहा भागांचा ‘दे आर्किटेक्तुरा’ हा लॅटिन ग्रंथ लिहून सम्राट ऑगस्टसला अर्पण केला. ग्रीक-रोमन जगातील वास्तुकलेवरचा हा एकच ग्रंथ आज हाती उरला आहे. वास्तू मजबूत, उपयुक्त आणि सुंदर असावी, हे त्यातील त्रिसूत्र सर्वश्रुत आहे. मात्र ग्रंथाचे खरे मोल त्यातील बारीकसारीक व्यवहारज्ञानात आहे.

वास्तुकाराने काय काय शिकावे, याची त्याने दिलेली यादी आजच्या विद्यार्थ्याला धडकी भरवणारी आहे. रेखाटन आणि भूमिती तर हवीच. पण इतिहास, तत्त्वज्ञान, वैद्यक, कायदा, खगोल आणि संगीतही हवे. वैद्यक कशासाठी, तर जागेची हवा आणि पाणी आरोग्याला पोषक आहे की नाही हे कळावे म्हणून. सामाईक भिंती, सांडपाणी आणि करारमदार यांवरून मालकांत तंटे होऊ नयेत यासाठी कायदा. संगीताचे कारण मोठे गमतीचे आहे. अस्त्रक्षेपक यंत्राच्या दोन्ही बाजूंचे दोर सारखे ताणले गेले आहेत की नाही, हे त्यांच्या नादावरून ओळखावे लागे. नुसत्या हातांनी काम करणाऱ्याला अधिकार लाभत नाही आणि नुसत्या पोथीवर विसंबणाऱ्याच्या हाती सावलीच लागते, असेही तो बजावतो.

खर्चाबाबतचे त्याचे मत सार्वजनिक कामांची वाढीव अंदाजपत्रके वाचून कंटाळलेल्यांना विशेष रुचेल. एफेसस या ग्रीक नगरातील जुना कायदा तो कौतुकाने सांगतो. सार्वजनिक काम हाती घेणारा वास्तुकार खर्चाचा अंदाज देई आणि काम पुरे होईपर्यंत त्याची मालमत्ता तारण राही. खर्च अंदाजाइतकाच झाला तर त्याचा गौरव होई. चौथ्या हिश्शापर्यंत वाढला तर ती भर सरकारी तिजोरीतून पडे. त्यापुढची रक्कम मात्र त्याच्याच मालमत्तेतून वसूल केली जाई. असा कायदा रोममध्येही असावा, अशी त्याची इच्छा होती.

साहित्याविषयीही तो असाच नेमका आहे. खाणीतली वाळू असेल तर एक भाग चुन्याला तीन भाग, नदीची असेल तर दोन भाग. नदीच्या वाळूत भाजलेल्या विटांची चाळलेली भुकटी एक तृतीयांश घातली तर चुना अधिक चांगला होतो. आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांची सुरखी ती हीच. पाण्यासाठी शिशाचे नळ अपायकारक म्हणून मातीचे वापरावेत, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

पंधराव्या शतकाच्या आरंभी सेंट गॉलच्या मठात या ग्रंथाची प्रत पोज्जो ब्राच्चोलिनीच्या हाती लागली आणि युरोपातील विद्वानांचे लक्ष पुन्हा त्याकडे वळले. लिओनार्दो दा विंचीने 1490 च्या सुमारास काढलेला, वर्तुळ आणि चौकोनात हातपाय पसरलेला पुरुष त्यातील मानवी प्रमाणांवरच आधारलेला आहे. पुढे मात्र जगाने उचलले ते मुख्यतः खांब. मुंबईत 1833 मध्ये पूर्ण झालेल्या, कर्नल थॉमस कूपर यांनी रचलेल्या टाऊन हॉलच्या दर्शनी भागातील डोरिक स्तंभ याच अभिजात परंपरेतले. स्तंभ डोळ्यांत भरतात. विणकराच्या खिडकीचा नियम भरत नाही.

तो नियम आंधळगावी जसाच्या तसा लावता येईल काय? दिशांना शुभाशुभ मानणाऱ्या हल्लीच्या सल्लागारांसारखे त्याचे उत्तर ठरीव नाही. त्याचा कारभार केवळ सूर्य आणि वाऱ्याशी. थंड प्रदेशात घरे बंदिस्त, उष्ण प्रदेशात मोकळी आणि उत्तरेकडे तोंड केलेली असावीत. अक्षांश बदलला की घर बदलावे, असे तो स्वतःच सांगतो. रोम सुमारे 42 अंश उत्तरेला असल्याने तेथे दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. आंधळगाव साधारण 21 अंशांवर आहे. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची तिरपी किरणेही उत्तरेच्या खिडकीत शिरतात. त्यामुळे मागावर उत्तरेचा उजेड घ्यायचा तर तेथे खिडकीवर खोल छज्जा आणि बाजूंना आडोसा हवा.