पहिली स्पोर्ट्स बाईक घेताय? सीसीचा आकडा बघण्याआधी हे समजून घ्या

बारावी झाली किंवा पहिली नोकरी लागली की अनेक घरांत गाडीचा विषय निघतो. आईवडिलांच्या मनात चांगलं अ‍ॅव्हरेज देणारी साधी गाडी असते आणि मुलांच्या मोबाईलमध्ये फुल फेअरिंगच्या बाईक्सचे रील्स. हे आकर्षण आजचं नाही. २००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली, २००८ मध्ये यामाहाची आर१५ आली, आणि स्पोर्ट्स बाईक मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली.

पण या हौसेला दुसरी बाजूही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. त्यामुळे पहिली स्पोर्ट्स बाईक कोणती, हा प्रश्न रंग आणि आवाजावर सोडून देण्यासारखा नाही.

कायदा थांबवत नाही, म्हणून स्वतःच थांबायचं

युरोपीय संघात मोटारसायकलचं लायसन्स टप्प्याटप्प्याने मिळतं. सुरुवातीचं ए१ लायसन्स १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतच्या गाड्यांसाठी असतं. पुढचं ए२ हे ३५ किलोवॅटपर्यंत, म्हणजे साधारण ४७ पीएस ताकदीपर्यंत चालतं. दोन वर्षांच्या अनुभवानंतर मोठ्या गाड्यांची वाट मोकळी होते.

भारतात असे टप्पे नाहीत. गिअरच्या दुचाकीचं लायसन्स एकदा मिळालं की १०० सीसीची गाडी चालवा नाहीतर १००० सीसीची. गंमत म्हणजे आपल्याकडे 'छोटी' समजली जाणारी १५५ सीसीची आर१५ युरोपात ए१ लायसन्सवर चालवता येणार नाही.

गिअरच्या गाडीसाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणीही १२ महिन्यांसाठी रद्द होते.

सीसी नाही, ताकद आणि वजनाचं गणित बघा

शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो, "किती सीसी?" त्यापेक्षा उपयोगी प्रश्न म्हणजे इंजिनच्या प्रत्येक पीएस ताकदीला किती किलो वजन ओढावं लागतं.

स्प्लेंडरची ताकद सुमारे ८ पीएस आणि वजन ११२ किलोच्या आसपास. म्हणजे एका पीएसमागे १४ किलो. आर१५ मध्ये १८.४ पीएसला साधारण १४१ किलो, म्हणजे पावणेआठ किलो. केटीएम आरसी ३९० मध्ये ४३.५ पीएसला १७२ किलोच्या आसपास, म्हणजे जेमतेम चार किलो. स्प्लेंडरवर शिकलेला हात आरसी ३९० च्या अ‍ॅक्सिलरेटरवर तेवढाच पिळला, तर गाडी अगदी वेगळी वागते. खड्ड्यात हात हलला किंवा घाबरून मूठ आवळली गेली, तरी ती पुढे झेपावते.

म्हणून नवख्यासाठी १५० ते २०० सीसीचा, साधारण १८ ते २५ पीएसचा वर्ग समजूतदार ठरतो. आर१५, पल्सर आरएस२००, केटीएम आरसी २०० ही त्यातली ओळखीची नावं. साडेसव्वीस पीएसची सुझुकी जिक्सर एसएफ २५० तुलनेने शांत स्वभावाची, त्यामुळे तीही या यादीत बसते. टीव्हीएस अपाचे आरआर ३१० आणि दोन सिलिंडरची कावासाकी निन्जा ३०० या दोन-तीन वर्षं गिअरची गाडी चालवलेल्यांसाठी जास्त योग्य.

टॉप स्पीड वापरणार कुठे?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि अटल सेतू या चारही ठिकाणी दुचाकीला बंदी आहे. म्हणजे रुंद, मोकळे रस्ते मोटारींसाठी, आणि बाईकच्या वाट्याला जुना हायवे, घाट, गावातले गतिरोधक आणि सिग्नल. टॉप स्पीडच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

वेगाचं साधं गणितही लक्षात ठेवावं. ताशी ६० किमी वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, तर १०० ला २८ मीटर. ब्रेक दाबायचं डोक्यात येईपर्यंतच एवढं अंतर संपतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर लागणारं अंतर सुमारे चौपट होतं.

ब्रेक आणि क्लच: इथे काटकसर नको

१२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. मात्र सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकावर काम करतं, ड्युअल चॅनल दोन्ही चाकांवर. नवख्याने ड्युअल चॅनलच घ्यावं. गाडी वळणावर झुकलेली असताना साध्या एबीएसलाही मर्यादा असतात, त्यामुळे घाटात वळणाच्या आधीच वेग कमी करावा.

स्लिपर क्लच असेल तर उत्तम. घाईत दोन गिअर एकदम खाली टाकले, तर मागचं चाक अडकून घसरण्याची शक्यता त्यामुळे कमी होते.

बसून बघा, आणि मागेही कोणाला बसवा

स्पोर्ट्स बाईकचं हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे असतात. हायवेला हे ठीक, पण ट्रॅफिकमध्ये तासभर मनगटं आणि पाठ भरून येते. शोरूममध्ये किमान दहा मिनिटं बसून राहावं. दोन्ही पायांचे चवडे तरी जमिनीला नीट टेकायला हवेत. निन्जा ३०० ची सीट ७८० मिमीवर आहे, आर१५ ची ८१५ मिमीवर. कमी उंचीच्या चालकाला हा फरक सिग्नलवर जाणवतो.

मागची सीट उंच आणि अरुंद असते. आईला दवाखान्यात किंवा बहिणीला स्टेशनवर सोडायचं असेल, तर त्यांनाही ट्रायलला सोबत न्यावं. घरात एकच दुचाकी राहणार असेल, तर हा मुद्दा सगळ्यात मोठा ठरू शकतो.

खरा खर्च ऑन-रोड किमतीनंतर सुरू होतो

३५० सीसी ही रेष महत्त्वाची आहे. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा वरचा टप्पाही ३५० सीसीनंतरच सुरू होतो.

फेअरिंग प्लास्टिकची असते. साध्या विम्यात प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. उभी गाडी पार्किंगमध्ये पडली तरी पॅनेल, इंडिकेटर आणि लिव्हर तुटतात, म्हणून पहिली दोन वर्षं झिरो डेप्रिसिएशन विमा घेणं फायद्याचं.

हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज आणि घोटा झाकणारे बूट यांचे पैसे बजेटमध्ये आधीच वेगळे काढावेत. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघावा. हे पैसे उरत नसतील, तर एक पायरी खालची गाडी निवडावी.

सेकंडहँड घेताना

- हँडलची टोकं, लिव्हर आणि फूटरेस्ट घासलेले असतील तर गाडी पडलेली आहे.
- पुढच्या शॉकअपवर तेल दिसलं तर ऑइल सील गेलं आहे.
- स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेनसेट बदलावा लागेल.
- आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवावा. एमपरिवहन अ‍ॅपवर विमा आणि पीयूसीची मुदत बघावी.
- कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. ते हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

गाडी घरी आल्यावर

पहिले १००० किमी मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेतच इंजिन फिरवावं. नवे टायर सुरुवातीला गुळगुळीत असतात, त्यामुळे पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये वळणावर गाडी फार झुकवू नये. रिकाम्या मैदानात ताशी ३०-४० च्या वेगाने जोरात ब्रेक लावण्याचा सराव करावा, म्हणजे एबीएस चालू झाल्यावर लिव्हरला बसणारे हादरे अंगवळणी पडतात. ताम्हिणी किंवा वरंधा घाटाचा बेत पहिल्या पावसाळ्यानंतर ठेवला तरी चालेल. तोपर्यंत रोजच्या रस्त्यावर गाडी हाताला बसते, आणि मोठी गाडी खरंच हवी आहे का, हेही कळतं.